जीव भांड्यात पडेना

घरात मंगलकार्य असताना ही गोष्ट सांगायची नसते, असे मला बजावलेले आहे. तिच्यात एक घास आहे, आणि त्या घासाचे नाव अशा दिवशी काढत नाहीत. पण सगळे खाली कामात आहेत आणि तुम्ही विचारलेत, म्हणून हळू आवाजात सांगते.

एका राज्यात तांब्याचे एक भांडे होते. नगराच्या मधल्या चौकात, दगडी ओट्यावर, ते उघड्यावर ठेवलेले असे. त्याला पहारा नव्हता की पूजा नव्हती. काम मात्र त्याचे मोठे होते. त्या राज्यात कोणाला काळजी लागली, की त्याचा जीव छातीतून निघे आणि डोक्याच्या वर हातभर उंचीवर दोऱ्याने टांगलेला राही. लिंबाएवढा, किंचित उजेडाचा. काळजी मिटली की दोरा सुटे आणि जीव भांड्यात पडे. माणूस डोंगरात असो की समुद्रावर, जीव पडे तो त्याच भांड्यात. भांडे 'टण्' असे वाजे, आणि दुसऱ्याच क्षणी जीव आपल्या माणसाच्या छातीत परत गेलेला असे. माणूस म्हणे, "हुश्श." लोकांना याचे नवल नव्हते. दिवसभर चौकात टण् टण् चाले आणि त्या आवाजात भाजीवाल्या भाजी विकत.

मग एके दिवशी भांडे नाहीसे झाले.

घडले ते असे. राज्याच्या सीमेवर, खाऱ्या तळ्यापलीकडे, काळ्या टेकडीवर कालकंठ नावाचा मांत्रिक राहत असे. त्याची बायको दुखण्याने अंथरुणाला खिळली. कालकंठाला वारा बांधता येई, आलेला साप परत धाडता येई. पण त्या दुखण्यापुढे त्याचा एकही मंत्र चालेना. तो दरबारात आला. राजा सुधन्वा तेव्हा हत्तीसाठी केलेली नवी अंबारी पाहत होता.

"महाराज," कालकंठ म्हणाला, "औषध मागत नाही. माझा धीर सुटला आहे. एक शब्द बोला, एवढंच."

राजाने अंबारीचे गोंडे निरखत म्हटले, "बरं, बघू."

कालकंठ घरी पोचला तेव्हा बायको गेली होती. दुसऱ्या दिवशी तो चौकात आला. भांडे त्याने काखेत मारले आणि म्हणाला, "महाराज बघतो म्हणाले आहेत. आता सगळ्यांनीच बघत राहा. या राज्यात कोणाचाही जीव भांड्यात पडणार नाही." एवढे बोलून तो धुराच्या वाटेने निघून गेला.

त्या दिवसापासून जीव वर जात, पण खाली येत नसत. हरवलेली गाय सापडली तरी गुराख्याचा जीव टांगलेलाच. गलबत किनाऱ्याला लागले तरी खलाशाच्या बायकोचा जीव टांगलेलाच. लोकांनी घरांची दारे उंच करून घेतली, कारण आत शिरताना जीव चौकटीला आपटत. बाजारात गर्दी झाली की दोरे एकमेकांत गुंतत, आणि कोणाचा कोणता यावरून भांडणे होत. राजाने दवंडी पिटवली की सर्वांनी निश्चिंत व्हावे. दवंडी ऐकून सगळ्यांचे जीव आणखी वीतभर वर गेले, कारण असे काय घडले आहे की दवंडी पिटावी लागली, याची नवी काळजी लागली.

हेही लोकांनी सोसले असते. पण दोरे झिजू लागले. ज्याचा दोरा तुटे त्याचा जीव जमिनीवर पडून फुटे, आणि फुटलेला जीव सांधणारा वैद्य त्या राज्यात नव्हता.

राजाला वैजयंती नावाची मुलगी होती. ती फार बोलत नसे. चार माणसांत बोलावे लागले की तिचे कान लाल होत. पण तिचे बघणे बारीक होते, आणि म्हणून राणी हेमावतीचा दोरा झिजतो आहे हे सगळ्यांत आधी तिनेच पाहिले. धाकट्या राजपुत्राला ताप आला होता तेव्हा राणीचा जीव टांगणीला लागला. ताप उतरला, राजपुत्र अंगणात धावू लागला, पण राणी त्याच्या कपाळावरचा हात काढेना. तिला घास गिळवत नव्हता, डोळा लागत नव्हता. दोरा सुतळीचा होता, तो शिवणाच्या दोऱ्याएवढा उरला.

राजपंडितांनी राणीसाठी शब्द आणले. सांत्वन आणले, ते इतके जड निघाले की पालखीतून आणावे लागले, आणि पलंगापर्यंत पोचेस्तोवर भोई दमले. दिलासा आणला, तो हलका निघाला. खिडकी उघडी होती, उडून गेला. आश्वासन आणले, ते फुगत फुगत दारात अडकले. धीर द्यायला मुख्य पंडित स्वतः पुढे झाले, पण त्यांनी उपरण्याची गाठ सोडून पाहिली तर त्यांच्याकडेच तो उरला नव्हता.

राणीच्या महालात एक साळुंकी होती. पक्ष्यांचे जीव टांगले जात नसत, त्यामुळे ती मोकळ्या मनाने बोले.

"मोठी मोठी माणसं शब्द उचलून आणतायत," साळुंकी म्हणाली. "भांडं आणायला कुणी उठत नाही."

"कोण जाणार?" वैजयंतीने विचारले.

"विचारतंय त्यानंच जावं. तिथे तीन कामं पडतील. पहिलं दारात, दुसरं भांडारात, तिसरं त्याच्यासमोर. मला वाट ठाऊक आहे. कामं मात्र मी करायची नाही."

वैजयंती उठली. ती मुदपाकखान्यात गेली. आचारी आपापल्या दोऱ्याकडे बघत बसले होते, म्हणून तिने स्वतःच भाकरी थापल्या आणि झुणका केला, शिदोरी बांधली, आणि कोणाला न सांगता मागच्या दाराने बाहेर पडली. तिच्याही डोक्यावर तिचा जीव टांगलेला होता. तो वाऱ्याने हलत होता, आणि साळुंकी त्याच्या पुढे पुढे उडत होती.

खारे तळे ओलांडून ती टेकडीच्या पायथ्याशी आली. तिथे कालकंठाचे दार होते, आणि दारात एक राक्षस उभा राहून रडत होता. त्याच्या आसवांची नदी झाली होती, ती दाराला वेढा घालून वाहत होती.

"रडू नका," वैजयंती म्हणाली.

नदी वीतभर चढली.

"सगळं ठीक होईल."

नदी गुडघ्याला लागली.

"आणखी दोन वाक्यं बोला, राजकन्ये," साळुंकी म्हणाली, "म्हणजे मी उडेन आणि तुम्ही पोहा."

वैजयंती चालून थकली होती, लुगडे भिजले होते, आणि काय बोलावे ते तिला सुचत नव्हते. शेवटी ती वैतागून म्हणाली, "अहो, आता बस."

राक्षसाचे रडणे थांबले.

"खरंच बसू?" त्याने विचारले.

वैजयंती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याच्या पोटऱ्या सुजलेल्या होत्या, आणि टाचा जमिनीत रुतून त्यांच्याभोवती गवत उगवले होते. आता तिला कळले.

"बसा," ती म्हणाली.

राक्षस बसला. टेकडी थोडी हलली. त्याने पाय लांब केले आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळले.

"बाईसाहेब गेल्या त्या दिवशी मालक म्हणाले, इथे उभा राहा. नंतर बस म्हणायचं त्यांच्या ध्यानातून गेलं. येणारे जाणारे म्हणतात, रडू नको. बस असं कुणी म्हणत नाही."

नदी आटली. खाली मीठ उरले, आणि त्या मिठावरून वैजयंती दारातून आत गेली.

आत भांडार होते. तिथे शापित भांडी रांगेने ठेवलेली होती, सगळी तांब्याची, सगळी एका घाटाची. चौकातले भांडे वैजयंतीने लहानपणापासून पाहिले होते, पण इतक्या सारख्या भांड्यांत ते तिला ओळखता येईना.

"चुकीच्या भांड्याला हात लावलात तर हाताचं तांबं होईल," साळुंकी म्हणाली. "पुढे घासायला बरं पडेल, पण जेवायला अवघड."

वैजयंतीने हात पाठीमागे बांधले आणि एकेका भांड्याशी वाकून कान दिला. रिकाम्या भांड्यात घुमते तसे प्रत्येकात घुमत होते. एका भांड्यात मात्र घुमत नव्हते. त्यात कोणीतरी श्वास घेत होते, फार सावकाश. तिने आत डोकावले. तळाशी एक जीव चिकटून बसला होता, राखेच्या रंगाचा. त्याच्याखाली, भांड्याच्या बरोबर मध्ये, शिशाचा एक गोल होता.

तिने दोन्ही हातांनी भांडे धरले. हातांचे तांबे झाले नाही. पण भांडे उचलले जाईना; तिने सगळे बळ लावले तरी ते जागचे हलले नाही.

"ते माझ्याच्यानेही आता उचलवत नाही," मागून कोणीतरी म्हणाले.

कालकंठ दारात उभा होता. उंच आणि वाळलेला, खांद्यावर घोंगडे. त्याच्या डोक्यावर जीव नव्हता.

"हा जीव तुमचा आहे," वैजयंती म्हणाली.

"माझा. भांडं घरी आणलं ते एवढ्यासाठीच, की माझा जीव त्यात पडावा. पाहतो तर तुमचं भांडं गळकं. तळाला भोक. जीव पडायचा आणि निसटून पुन्हा छातीत यायचा, आणि छातीत आला की पुन्हा ती आठवण. म्हणून मी भोक शिशानं बुजवलं. मग पडला आणि राहिला."

"आणि बरं वाटलं?"

"काही वाटलं नाही," कालकंठ म्हणाला. "तेव्हापासून काहीच वाटत नाही."

वैजयंतीने पुन्हा भांड्यात पाहिले. चौकात भांड्याच्या तळाशी भोक होते हे राज्यात कोणाला ठाऊक नव्हते. जीव पडून परत जात होते ते त्या भोकातून, आणि आता ते बुजले होते. एक जीव आत अडकून बसला होता, म्हणून बाकीच्यांना जागा नव्हती.

"आता तिसरं काम," कालकंठ म्हणाला. "तुझ्या बापाकडे मी एक शब्द मागितला होता. तो तू दे. बरोबर निघाला तर भांडं घेऊन जा. चुकला तर या रांगेत तुझंही एक भांडं होईल."

वैजयंतीने तोंड उघडले. तिचे कान लाल झाले. पंडितांचे सगळे शब्द तिला आठवले, आणि ते कसे जड होते, कसे उडून गेले, कसे दारात अडकले, तेही आठवले. तिने तोंड मिटले. मान खाली घालून उभे राहिले की तिला आजूबाजूचे नीट दिसत असे, तसे आताही दिसले. भांडाराच्या बाजूलाच स्वयंपाकघर होते. पातेली पालथी होती. चुलीत राख होती, पण ती राख दगडासारखी घट्ट झालेली, आणि तिच्यावर कोळ्याने जाळे विणून ते जुनेही झाले होते.

"चूल कधीपासून पेटली नाही?" तिने विचारले.

"ती गेली तेव्हापासून."

"मग तुमच्याकडे कडू घास कोणी आणला होता?"

त्या राज्यात अशी रीत होती, की घरात कोणी गेले की त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नसे. शेजारपाजारचे पिठले-भात घेऊन येत, माणसांना पाटावर बसवत आणि दोन घास तरी खायला लावत. त्याला कडू घास म्हणत. तो खाल्ल्यावाचून घर पुन्हा उठत नसे. ही रीत राजाच्या घरीही होती आणि लोहाराच्या घरीही.

कालकंठाने चुलीकडे पाहिले.

"मांत्रिकाच्या घरी कोण येणार?" तो म्हणाला. "लोकांना वाटतं, उंबरा ओलांडला की हा बेडूक करील."

"करता?"

"एकदा केला होता. तो माणूस कर वसूल करायला आला होता."

वैजयंतीने शिदोरी सोडली. एक पालथे ताट उचलून तिने पदराने पुसले, त्यात भाकरी ठेवली आणि भाकरीवर झुणका. ताट तिने जमिनीवर ठेवले आणि समोर बसली.

"शिळं आहे," ती म्हणाली.

"हा शब्द नाही."

"नाही."

कालकंठ उभाच राहिला. तिने आग्रह केला नाही, पण ताटही उचलले नाही. साळुंकी पंखात चोच खुपसून बसली. बऱ्याच वेळाने मांत्रिक खाली बसला. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, झुणक्याला लावला आणि तोंडात घातला.

"मीठ जास्त झालंय," तो म्हणाला.

"मी पहिल्यांदाच केला."

"आणि तिखटही."

त्याने दुसरा घास घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. ते तिखटाने आले की कशाने, हे कोणी विचारले नाही. तिसऱ्या घासाला भांड्यात काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. शिशाचा गोल तळातून सुटून जमिनीवर पडला, घरंगळत चुलीपर्यंत गेला आणि थांबला. राखेच्या रंगाचा तो जीव भोकातून खाली निसटला. कालकंठाने छातीवर हात ठेवला.

"दुखतंय," तो म्हणाला.

"हो," वैजयंती म्हणाली, आणि उरलेली भाकरी त्याच्याकडे सरकवली.

तेवढ्यात भांडे वाजले. टण्. मग पुन्हा, आणि मग पावसाच्या सरीसारखे जीव पडू लागले. प्रत्येक जीव भोकातून जाताना आपल्या माणसाचा सुस्कारा मागे ठेवून जात होता. "हुश्श." "सुटले बाई एकदाची." "चला, झालं." "आता भूक लागली." गुराखी गेला, खलाशाची बायको गेली, मुख्य पंडित गेले, आणि एक फार जड सुस्कारा टाकून राजा सुधन्वा गेला. वैजयंती कान देऊन बसली होती. आवाज विरळ झाले. मग थांबले.

"आईसाहेबांचा नाही पडला," ती म्हणाली.

तिने वर पाहिले. तिचा स्वतःचा जीवही टांगलेलाच होता.

"राजपुत्र तर बरा झालाय," ती म्हणाली. "काळजी मिटली आहे. मग का पडत नाही?"

"राजपुत्राची मिटली," साळुंकी म्हणाली. "पण तुम्ही घरातून निघालात ते कोणाला सांगून निघालात?"

वैजयंती उठली. आता भांडे हलके झाले होते, तिने ते उचलून छातीशी धरले. कालकंठाने खांद्यावरचे घोंगडे काढून जमिनीवर अंथरले. "बस," तो म्हणाला, आणि स्वतःही बसला. घोंगडे उडाले. दारावरून जाताना खाली राक्षस दिसला. मालक चाललेले पाहूनही तो उठला नाही, आणि मालकाने त्याला काही म्हटले नाही.

राणी हेमावती सज्जात उभी होती. तिच्या दोऱ्याचा आता केसाएवढा एकच धागा उरला होता. दासी तिला खाली बसा म्हणत होत्या, वारा लागेल म्हणत होत्या, आणि ती तळ्याकडच्या वाटेवरून नजर काढत नव्हती. घोंगडे सज्जात उतरले.

"आईसाहेब," वैजयंती म्हणाली.

राणी वळली. वळताना धागा तुटला.

"सांगून जायची काही रीत आहे की नाही?" राणी म्हणाली. "आणि हे केसांचं काय केलंयस? पाय बघ, नुसतं मीठ लागलंय."

धागा तुटला म्हणून जीव पडला, की सुटला म्हणून पडला, हे दासींना सांगता आले नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना फक्त आवाज ऐकू आला. तो फरशीवरचा नव्हता. वैजयंतीच्या हातातले भांडे वाजले होते, टण्, आणि त्याच्या मागोमाग आणखी एकदा, टण्. राणी चौरंगावर बसली. तिने एक लांब श्वास सोडला. मग तिने मुलीला जवळ ओढले आणि तिच्या केसांतला काळ्या टेकडीवरचा कचरा एकेक करून काढू लागली.

"आणि तुम्ही कोण?" तिने दाराशी उभ्या असलेल्या माणसाला विचारले.

"मी कालकंठ."

दासी मागे सरकल्या. राणीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"किती वाळलात," ती म्हणाली. "आत या. पान वाढायला सांगते."

राजा सुधन्वा पुढे आला. बोलण्यासाठी त्याने काहीतरी ठरवून आणले असावे, पण ते त्याला आठवले नाही. त्याने पगडी उतरवून बाजूला ठेवली. "त्या दिवशी मी अंबारीकडे बघत होतो," तो म्हणाला, "तुमच्याकडे बघायला हवं होतं." आणि पंगतीत तो कालकंठाच्या शेजारी बसला, आणि भात त्याने स्वतः वाढला.

भांडे पुन्हा ओट्यावर गेले. राजाच्या तांबटाने भोक पाहून डागडुजी करू का असे विचारले, तेव्हा वैजयंती चार माणसांत मोठ्याने "नको" म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. पुढे त्या राज्यात काळज्या संपल्या असे नाही. लोक आजारी पडत, गाई हरवत, गलबते उशिरा येत. जीव वर जात आणि खाली येत. एक मात्र बदलले. कोणाच्याही घरी कोणी गेले, ते घर कितीही आडवाटेला असो, त्या घराची लोकांना कितीही भीती वाटो, तरी कडू घास घेऊन दोन माणसे तिथे जात.

कालकंठ दर वर्षी बायकोच्या तिथीला नगरात येई आणि वैजयंतीच्या हातचा झुणका खाई. मीठ आता बरोबर पडे, तरी तो नावे ठेवी. एका वर्षी जेवण झाल्यावर तिने त्याला विचारले, "इतकी वर्षं झाली, बाईंचं नाव तुम्ही कधी सांगितलं नाहीत." कालकंठ हात धुता धुता थांबला. कोणीतरी विचारील याची त्याने वाट पाहिली असावी. तो म्हणाला, "तिचं नाव मी ठेवलेलं नव्हतं, तिच्या आजीनं ठेवलं होतं. पहाटे जन्मली म्हणून आजी म्हणाली, हिला आपण हाक मारू—

हो आत्या, आले. नाही, काही सांगत नव्हते कोणाला. आले, पाळणा धरायला येतेच आहे, बाळाचं नाव ठेवायची वेळ झाली ना.